डावखुऱ्या गाडीचे पाच फेरे

सत्यजीतच्या लग्नात, मुहूर्ताला चार मिनिटं कमी असताना, नवरदेव हवेत होता. जमिनीपासून आठ फूट तरी वर. गाडी मी स्वतः चालवत होतो, त्यामुळे उंचीबद्दल कुणाला शंका असेल तर ती त्यानं आपल्या खिशात ठेवावी.

सत्यजीत आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातला, माझ्या कुंपणापलीकडचा. घरचा ऊस आणि एक जुनी चौकोनी गाडी. कारखान्यातून निघाली तेव्हा ती गरीब गाय होती, सत्यजीतनं चार वर्षांत तिचा रानरेडा केला. टायर इतके रुंद की माझ्या दोन शेळ्या एकेका टायरच्या सावलीत पाय पसरून झोपायच्या. सायलेन्सरचा आवाज असा की सकाळी गाडी चालू झाली की शेजारच्या म्हशी आपण होऊन पान्हा सोडायच्या. टपाला मधोमध भोक पाडलेलं, त्यातून उभं राहून वारा खायला. सगळं बदललं, फक्त ब्रेक तेवढे जुने ठेवले. ते बिचारे गाईच्या वजनाच्या हिशोबानं बनवलेले, त्यांना रेडा कसा आवरणार?

दिवाळीनंतर तो ह्या गाडीतून सायलीला बघायला गेला. राहू गावाच्या अलीकडे नदीकाठी हौसरावांची वस्ती आहे, सायली त्यांची नात. सणसवाडीला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. हातात व्हर्निअर घेऊन केसाएवढा फरक पकडायचा आणि माल परत पाठवायचा, हे तिचं दिवसभराचं काम. अशा पोरीनं सत्यजीत पहिल्या नजरेत पास केला, यावर माझा अजून विश्वास नाही.

पण त्याआधी गाडी दारात थांबायला हवी होती. हौसराव अंगणात बाजेवर पेपर वाचत बसले होते. गाडी झेंडूचे सहा वाफे ओलांडून बाजेला लागली, आणि बाज, पेपर आणि हौसराव असे तिघं मिळून कडब्याच्या गंजीपर्यंत गेले. पेपर त्यांनी सोडला नाही. गंजीला टेकल्यावर पान उलटलं आणि मग विचारलं, “कोन पाव्हणं?”

पोहे झाले, चहा झाला. मग हौसरावांनी मिशीतला कडबा काढत निकाल दिला. “पोरीला तू पसंत हायस. माझी ना न्हाई. पन आमच्या वस्तीचा रिवाज ठावं हाय का?”

रिवाज असा. नवरदेव वस्तीच्या शिवेत आला की मांडवातल्या पाटापर्यंत त्याचा पाय जमिनीला लागायचा नाही. मारुतीच्या पाराला पाच फेरे वाहनातूनच घालायचे, आणि वाहन नवरदेवाच्या मालकीचं पाहिजे. त्यालाही कारण आहे. हौसरावांच्या पणज्याच्या काळात एक नवरदेव भाड्याच्या घोडीवरून शिवेवर उतरला, “जरा जाऊन येतो” म्हणाला, तो अजून आलेला नाही. घोडीवाला भाडं मागायला दर वर्षी यायचा म्हणतात.

“तवा तू ह्याच गाडीतनं ये,” हौसराव म्हणाले. “पाचवा फेरा झाला की पाराम्होरं चुन्याची रेघ असंल. रेघंच्या पलीकडं मी उभा ऱ्हाईन. गाडी रेघंवर थांबली तर नवरी तुझी. पाय भुईला लागला, न्हाईतर मुहूर्त टळला, तर आल्या वाटनं माघारी. आन् गाडी मला लागली तर मी दवाखान्यात आन् तू तळेगावात.”

“आन् थांबलीच न्हाई तर?” आतून साखरबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी विचारलं. “तर म्या सुटले.”

झालं. सत्यजीतनं पुढच्या दोन चाकांसाठी मोठ्या गाडीचे ब्रेक आणले. डिस्क म्हणजे केवढी, आमच्या घरच्या, म्हणजे धुरपदाच्या, तव्याहून चार बोटं मोठी. तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर तर उखळाएवढा. हे बसवायला सणसवाडीचा रोहिदास आला. हा टर्नर आहे, लेथवर बसला की लोखंडाची सुतरफेणी करतो. आला, ब्रेक बसवले आणि डोक्याला हात लावून बसला.

“काय झालं रं?” मी विचारलं.

“आबा, ब्रेक बसला, आता चाक बसंना. कॅलिपर आतनं रिमला घासतोय. हत्तीच्या पायात लेकराचा बूट घातल्यावानी झालंय.”

“मग?”

“स्पेसर टाकायचा. चाकाच्या आतनं लोखंडाची चकती. तिनं चाक जरा भायेर सरकतं आन् कॅलिपरला जागा हुती. पन किती जाड, त्याचं माप पायजे.”

माप घ्यायची त्याची रीत मला फार आवडली. कॅलिपरवर कणकेचा थर लावायचा. चाक अडू नये म्हणून मधे वायसर घालून ते तात्पुरतं चढवायचं, एक गरका फिरवायचं आणि काढायचं. रिम जिथून गेली तिथली कणीक खरवडून जाते. उरलेल्या थराची जाडी म्हणजे मधली फट. फट जेवढी कमी, तेवढा स्पेसर जाड.

कणीक मागितली तेव्हा धुरपदा परात घेऊन दारात आली. “उभ्या जल्मात मला कवा इचारलं न्हाई चपाती पातळ पायजे का जाड. आन् त्या चाकाचं एवढं लाड?”

“अगं, लग्नाचा परश्न हाय.”

“माझ्या लग्नाचा बी परश्नच हाय,” असं म्हणून तिनं गोळा माझ्या हातात आपटला.

दोन्ही बाजूंना कणीक लागली, चाकं फिरली, चाकं उतरली. रोहिदास डाव्या बाजूचं माप घेऊन चहाला आत गेला. जाताना मला म्हणाला, “आबा, उजवीकडच्या कणकीवर ध्यान ठिवा.” मी ठेवलं. याहून जास्त मी एवढ्यात बोलणार नाही.

चहा पिऊन त्यानं उजवीकडचं माप घेतलं आणि भुवया वर केल्या. “डावीकडं झकास फट हाय, उजवीकडं पापडाएवढी. गाडी वाकडी हाय रं सत्या.”

“वाकडीच असंल,” मी म्हणालो.

मग त्यानं लेथवर डाव्या चाकाला नऊ मिलिमीटरचा स्पेसर केला आणि उजव्याला पंधराचा. बुधवारी दुपारी चाकं चढवली. डावं चाक नीट बसलं. उजवं मात्र, गालात पान धरलेल्या माणसासारखं, बाहेर फुगलं. मडगार्डच्या कडेला लागायला लागलं, तर ती कड आम्ही धुरपदाच्या मुसळानं आत लाटून काढली. सरळ चालवली, चालली. डावीकडे वळवली, लोण्यासारखी वळली. उजवीकडे वळवली, आणि टायरनं बम्परचा असा लचका तोडला की कुत्री गोळा झाली.

बम्पर काढून टाकला. आता टायर मागच्या सांगाड्यालाच दात लावायला लागला, आणि तो कापावा तर इंजिन रस्त्यावर येणार. स्पेसर काढावा तर चाकच फिरत नाही. जुने ब्रेक घालावेत तर हौसराव दवाखान्यात.

“नवा पातळ स्पेसर कर की लगीच,” सत्यजीत रडकुंडीला आला.

रोहिदासनं घड्याळ बघितलं. “लेथच्या शेडला कुलूप लागलं आसंल. चावी मालकाकडं, मालक म्हाबळेश्वरला. आन् उद्या गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी. शुक्रवारी सकाळी धा वाजता करून देतो.”

लग्न गुरुवारी होतं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा.

सत्यजीतनं सायलीला फोन लावला. फोनवर ती एवढंच म्हणाली, “डावीकडं वळतीया ना? मंग अर्धी पास हाय. वेळंवर ये. आन् गाडी दगडोबाआबांना चालवू दे, तू नुसता उभा ऱ्हा.” पोरगी हुशार आहे, हे मला तेव्हाच पटलं.

आता ऐका. मी चाळीस वर्षं ह्या भागात वडापची जीप चालवली आहे. रस्ते मला पायाच्या तळव्यासारखे पाठ. आमच्या दारापासून त्या वस्तीपर्यंत उजवी वळणं मोजून अकरा. उजवीकडे वळता येत नसेल तर काय करायचं? सरळ पुढं जायचं आणि तीन वेळा डावीकडे वळायचं. गाडीचं तोंड जिकडे पाहिजे तिकडेच होतं, फक्त मध्ये कुणाचा तरी मळा लागतो.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. टपाच्या भोकातून सत्यजीत कमरेपर्यंत बाहेर, डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग. मागे वऱ्हाडाचे दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर. पहिलं उजवं वळण आम्ही एका कांद्याच्या रानाभोवती काढलं. दुसऱ्याला उसाच्या एका मोठ्या फडाला वेढा घातला, आणि तिथं जरा घोटाळा झाला. वऱ्हाड लांबलचक, फड गोल. फिरता फिरता आमची गाडी आमच्याच शेवटच्या ट्रॅक्टरच्या मागे लागली, आणि अर्धा तास कोण कुणाच्या मागं चाललंय तेच कळेना. ट्रॅक्टरवाला मागं बघून ओरडायचा, “आरं, नवरदेव कुठवर गेला?” आणि सत्यजीत वरून म्हणायचा, “म्या तुझ्या मागं हाय, तू माझ्या मागं ये!”

एका गावच्या चौकातून आम्ही चार वेळा गेलो. पहिल्यांदा लोकांनी रामराम केला, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा पाणी आणलं. चौथ्यांदा एक म्हातारी गाडीला हात करून म्हणाली, “आरं लेकरा, एवढं लगीन जिवावर आलं आसंल तर न्हाई म्हनावं की सरळ!”

रस्ता सगळा वीस-पंचवीस किलोमीटरचा. आम्ही एकाहत्तर केले आणि बारा वाजून दहा मिनिटांनी वस्तीची शीव ओलांडली. आता सत्यजीतचा पाय भुईला लागून चालणार नव्हतं.

पारासमोर सगळी वस्ती जमली होती. चुन्याची पांढरी रेघ मारलेली. रेघेच्या पलीकडे हौसराव काठी रोवून उभे, अंगात नवा कोट, बाजूला साखरबाई.

“आलास? चल, घाल फेरं,” हौसराव म्हणाले.

मी स्टिअरिंगला हात लावला आणि तसाच काढून घेतला. सबंध रात्र मी रस्त्याचा विचार केला होता, देवाचा केलाच नव्हता. देवाला प्रदक्षिणा घालायची तर देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. म्हणजे पाचही फेरे उजवीकडे वळत. आणि इथं तीन डाव्यांचं एक उजवं करायला जागा नव्हती. मधे मारुती होता.

“आबा,” वरून सत्यजीतचा बारीक आवाज आला, “देव उजवीकडं घ्यावा लागतोय.”

“ठावं हाय.”

“आपली गाडी...”

“ठावं हाय म्हनलं की!”

हौसरावांनी काठी आपटली. “काय खलबत चाललंय? बारा येकवीस झालं!”

माणूस अडचणीत आला की त्याला जुने दिवस आठवतात. मला माझी जीप आठवली. एका बाजाराच्या दिवशी न्हावऱ्यात तिचे पुढचे सगळे गिअर गेले, नुसता रिव्हर्स राहिला. आत सतरा माणसं, टपावर टोमॅटोच्या पाट्या. मी तशीच उलटी तळेगावपर्यंत आणली, आणि उतरताना एकानं मला विचारलं, “आबा, आज जरा सावकाश आलो न्हाई का?” त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तर ती जीप उलटी फिरवताना मी एक गोष्ट शिकलो होतो. स्टिअरिंग डावीकडेच पिळून ठेवायचं आणि गाडी मागं घ्यायची. वर्तुळ तेच राहतं, दिशा फक्त उलटते.

“सत्या,” मी म्हणालो, “त्वांड फिरीव. डिकीकडं बगून उभा ऱ्हा.”

“का?”

“सायली पायजे का न्हाई?”

तो गर्रकन फिरला. मी गाडी पाराजवळ नेली, स्टिअरिंग डावीकडे पिळलं, रिव्हर्स टाकला आणि निघालो. गाडीचं बूड पुढं, तोंड मागं, आणि वर नवरदेव बुडाच्या दिशेला तोंड करून ताठ उभा. बँडवाले बावचळले. त्यांना पुढं चालायची सवय. पण गाडीच्या पुढं म्हणजे कुठं? अर्धे एकीकडे गेले, अर्धे दुसरीकडे, आणि एकच गाणं दोन्ही बाजूंनी वाजायला लागलं.

“थांबा थांबा!” हौसराव ओरडले. “ह्ये काय? उलटं फेरं? देवाची थट्टा लावलीय?”

मी गाडी थांबवून खिडकीतून डोकं काढलं. “मामा, फेरं गाडी घालतीया का नवरदेव?”

“नवरदेव.”

“त्याचं त्वांड कुठं हाय?”

“...म्होरं.”

“आन् मारुती त्याच्या कंच्या हाताला?”

हौसरावांनी बघितलं. काठी ह्या हातातून त्या हातात घेतली, स्वतः उलटे वळून बघितलं, डोळे मिटून हात लांब करून बघितलं. काहीही केलं तरी मारुती सत्यजीतच्या उजव्या हातालाच येत होता.

“पन गाडीचं त्वांड...” ते म्हणाले.

साखरबाई पदर खोचत पुढं आल्या. “अवो, घोड्याच्या त्वांडाला कवा कुनी इचारलं हुतं का? नवरदेव सरळ हाय, देव उजवीकडं हाय. फेरा मंजूर. चला वो डायव्हर!”

पहिला फेरा. दुसरा. तिसऱ्याला बँडचे दोन्ही भाग एकमेकांना आपटले आणि गाणं एकदाचं एक झालं. चौथा. बारा एकोणतीस झाले होते, म्हणून पाचव्याला मी जरा पाय जोरात दिला. रेघ मागं, म्हणजे आमच्या पुढं, येत होती. मी आरशात बघत होतो. आरशात हौसराव आधी अंगठ्याएवढे होते, मग मुठीएवढे, मग नुसता कोट दिसायला लागला. कोटाचं दुसरं बटण आरशात आलं तेव्हा मी ब्रेक दाबला.

आता त्या ब्रेकबद्दल काय सांगू? गाडी थांबली. अशी थांबली की तिची सावली दोन हात पुढं गेली आणि तिला परत यावं लागलं. चाक रेघेवर, अगदी मधोमध. पारावरच्या पिंपळाची पानं सळसळायची थांबली. पण नवरदेवाला कुणी ब्रेक बसवले नव्हते. तो टपाच्या भोकातून, बाटलीचं बूच उडावं तसा, निघाला.

फेटा पुढं, मागून सत्यजीत. खालून सगळ्या वस्तीची तोंडं उघडी. मला एकच दिसत होतं, खाली त्याच्या पायांची वाट बघत बसलेली जमीन. पाय लागला की लग्न मोडलं. सत्यजीतलाही तेच दिसलं असणार, कारण त्यानं हवेतच दोन्ही गुडघे पोटाशी घेतले.

आणि तो हौसरावांच्या खांद्यावर बसला. मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पाय. बाशिंग जरा वाकडं झालं, तेवढंच.

हौसराव झोकांडले, काठीवर सावरले आणि डोळे वर करून म्हणाले, “उतर.”

“कसा उतरू आजोबा? पाय भुईला लागंल.”

“आरं गाढवा, उतर म्हनतो!”

“रिवाज हाय,” सत्यजीत म्हणाला आणि त्यांच्या मुंडाशाला घट्ट धरून बसला.

मुहूर्ताला तीन मिनिटं होती. मांडव शंभर पावलांवर. हौसरावांनी आजूबाजूला बघितलं. रिवाज त्यांचा, रेघ त्यांची, अट त्यांची. शेवटी त्यांनी एक पाऊल उचललं. मग दुसरं. लोकांनी वाट दिली. पंच्याहत्तरीचा माणूस, पण पैलवानकीतलं अंग, चालायला लागला तसा तालातच आला. बँडवाल्यांना एकदाचं पुढं म्हणजे कुठं ते कळलं आणि ते जोरात वाजवायला लागले.

साखरबाई नवऱ्याच्या बाजूनं चालत होत्या. “माझ्या लग्नात चिखलातनं येताना म्हनलं हुतं, जरा हात द्या, तर म्हनलं कंबर दुकतीया. आता बरी झाली व्हय?”

“गप ऱ्हा गं,” हौसराव धापा टाकत म्हणाले.

“आन् वाहन नवरदेवाच्या मालकीचं पायजे, न्हवं?” ह्या बाई थांबायला तयार नव्हत्या. “आजपासनं तुमी तेच्या मालकीचं.”

बारा चौतीसला हौसराव पाटासमोर वाकले आणि सत्यजीत खांद्यावरून थेट पाटावर उतरला. पाय भुईला लागला नाही. अंतरपाटापलीकडे सायली खाली मान घालून उभी होती. सगळे म्हणाले, केवढी लाजते आहे. मी जवळून बघितलं, ती हसू दाबताना लाल झाली होती.

त्या वस्तीवर आता फेरे उलटेच घालतात. गेल्या महिन्यात एक नवरदेव घोडीवर शेपटीकडं तोंड करून बसला होता आणि मोतद्दार घोडीला मागं ढकलत होता. घोडी अजून नीट जेवत नाही म्हणे.

रोहिदासनं कबूल केल्याप्रमाणे शुक्रवारी नवा स्पेसर केला. जुना काढला तेव्हा नवी नवरी अंगणात येऊन बसली. पर्समधून व्हर्निअर काढलं, दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या आणि माझ्याकडं बघितलं.

“आबा, गाडी वाकडी न्हाई. दोनी बाजू सारख्या हायत. उजवीकडची कणीक राखायला कोन हुतं?”

“म्या हुतो की.”

“आन् काय करत हुता?”

मी धुरपदाकडं बघितलं. ती परात घासत होती, पण कान इकडं होते. काय करणार? सांगितलं. मी सत्यजीतला गोष्ट सांगत होतो. गोष्टीत वाघ आला होता. वाघ येईपर्यंत कणीक चांगली बोटभर जाड होती, आणि वाघ गेला तेव्हा आमची लाल कोंबडी कॅलिपरवर बसून चोच पुसत होती. तिनं टिपून टिपून पापड करून ठेवला होता. मी तो बोटानं सारखा केला, एवढंच.

सायलीनं पंधरा मिलिमीटरचा स्पेसर उचलला, खडूनं त्यावर मोठी फुली मारली आणि माझ्या मांडीवर ठेवला. “माल परत,” म्हणाली, आणि मग इतकी हसली की तिला व्हर्निअर धरता येईना.

ती चकती आमच्या घरातच आहे. धुरपदा कणीक मळली की त्यावर ताट झाकते आणि ताटावर ती चकती ठेवते. कोंबडी लांबून बघते. चपाती कशी पाहिजे, पातळ का जाड, हे मला अजून कुणी विचारत नाही.